खांद्यावरच्या आणि घडीवरच्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. रत्नागिरीतल्या एका कापडदुकानात साडीच्या मजल्यावर कोणती मुलगी गिऱ्हाइकासमोर उभी राहील आणि कोणती मागच्या टेबलाशी बसून दिवसभर घड्या घालील, हे चौदा वर्षं मी ठरवत होतो. आणि ते मी मुलींच्या रंगावरून ठरवत होतो.

त्यासाठी माझ्याकडे एक साडी होती. फिकट लिंबू रंगाची, बारीक रुपेरी काठाची. ती विक्रीला नव्हती. माझ्या कपाटाच्या खालच्या खणात ती वेगळी ठेवलेली असे. नोकरी मागायला मुलगी आली की मी तिला ती साडी द्यायचो आणि म्हणायचो, "खांद्यावर टाकून दाखव बघू." मुलगी बिचारी पदर नीट काढायची, निऱ्या हातावर धरायची, काठ पुढे करायची. तिला वाटायचं, काका आपल्या हाताची सफाई बघतायत. काका हात बघतच नसत. काका दोन पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून, गळ्यापाशी साडीचा रंग आणि मुलीचा रंग एकमेकांना भिडतात तिथे बघत असत. आमच्या धंद्यात साडी अंगावर 'उठते' म्हणतात, म्हणजे खुलून दिसते. लिंबू रंग उठला तर मुलगी खांद्यावर, नाही उठला तर घडीवर. अर्जाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने नुसतं 'खां' किंवा 'घ' लिहायचो. शिक्षण, अनुभव वगैरे रकाने मुली मोठ्या काळजीने भरून आणत. ते मी नंतर सवडीने वाचत असे.

आता हा परीक्षक स्वतः कसा होता ते सांगतो, म्हणजे गंमत कळेल. मी काळा आहे. सावळा, गव्हाळ, निमगोरा असले जे शब्द स्थळांच्या कागदावर लिहितात, त्यातला एकही माझ्यावर चिकटत नाही. देवरूखच्या वरच्या अंगाला डोंगरातलं आमचं गाव, शेती भाताची आणि नाचणीची. तिथून विशीच्या आत रत्नागिरीला आलो आणि थोरल्या शेठसमोर उभा राहिलो. थोरल्या शेठनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाजूला बसलेल्या दिवाणजीला सांगितलं, "काळा आहे, पण तरतरीत आहे. घ्या." मी कृतकृत्य झालो. वाक्याचा मागचा भाग माझा आणि पुढचा दुसऱ्याच कुणाचा, अशी काहीतरी मी मनाशी वाटणी करून टाकली होती.

त्या वेळी दुकानात सगळे पुरुषच. साडी दाखवायची तर ती आम्हीच अंगावर घ्यायचो. पंचवीस वर्षं मी माझ्या या खांद्यावरून पैठण्या, नारायणपेठ्या, शालू, इरकली, सगळं दाखवलं. मिशी होती, पोट हळूहळू येत होतं, आणि रंग तर तुम्हाला सांगितलाच. तरी बायका समोर गादीवर बसून माझ्याकडे असं बघायच्या की जणू मी कोणी नवरीच आहे. एकदा एका नवऱ्या मुलीच्या आजीने तर माझी हनुवटी धरली. "दादा, जरा तिकडं वळा. पदर पाठीवर कसा पडतो ता बघू दे." मी वळलो. "आता जरा चाला." चाललो. आजी खूश. "घ्या गो ही. चांगली दिसते." पंचवीस वर्षांत एकाही बाईने म्हटलं नाही की तुमच्या रंगावर हा मोतिया उठत नाही, दुसरा माणूस बोलवा. पुरुषाच्या अंगावर साडी दिसते, माणूस दिसत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी तेव्हा पदर सांभाळत होतो.

मग थोरले शेठ गेले. त्यांचा मुलगा गादीवर बसला, वयाने माझ्याहून थोडा लहान. त्यांना आम्ही नुसतं शेठ म्हणायचो. ते कोल्हापूरला एका मोठ्या दुकानात जाऊन आले आणि आल्या आल्या मला म्हणाले, "भाऊ, आता साडीच्या मजल्यावर मुली ठेवायच्या. निवड तुम्ही करा. जरा बऱ्या दिसणाऱ्या बघा."

शेठ एवढंच म्हणाले. बऱ्या म्हणजे कशा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कदाचित त्यांच्या मनात केस विंचरलेल्या, कपडे स्वच्छ असलेल्या, हसून बोलणाऱ्या असं काहीतरी असेल. मी मात्र थेट कपाटाकडे गेलो आणि लिंबू रंगाची साडी काढली. मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरात, आमच्या गावात, लग्नाच्या बोलणीत, बारशाला पाळण्यात डोकावणाऱ्या बायकांच्या तोंडी जे चालतं, ते मी नोकरीच्या जागी आणून नियम म्हणून बसवलं. वर त्याला नाव दिलं 'गिऱ्हाइकाची आवड'.

त्या गिऱ्हाइकाविषयीही सांगायला हवं. आमचं गिऱ्हाईक कोण, तर बंदरावरच्या बायका, उन्हात भात लावणाऱ्या बायका, आंब्याच्या बागांत दिवस काढणाऱ्या बायका, शाळेतल्या शिक्षिका, मुंबईहून गणपतीला आलेल्या आणि मुंबईच्या उन्हातान्हात राबणाऱ्या बायका. दहातल्या आठ माझ्याच रंगाच्या. त्यांच्यासमोर आम्ही काय उभं करायचो, तर दोन-चार गोऱ्यापान, घाऱ्या डोळ्यांच्या मुली. ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांच्या खांद्यावर पिस्ता असा दिसायचा, बदामी असा दिसायचा, की गादीवरची बाई भान हरपून म्हणायची, "हीच द्या." ती घरी जायची, आरशासमोर उभी राहायची, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन परत यायची.

बदलून देण्याची वेळ सकाळी अकरा ते एक. त्या वेळी आमच्या जिन्यावर रांग असायची. "काय वो काका, दुकानात चांगली दिसत होती." मी म्हणायचो, "ताई, तो ट्यूबलाइटचा फरक. दिवसाच्या उजेडात रंग बदलतो." हे वाक्य मी चौदा वर्षांत इतक्या वेळा म्हटलं की शेवटी शेवटी शेठनी दोनदा ट्यूबलाइट बदलून घेतल्या.

दुकान चालत होतं. मागच्या टेबलाशी काळ्या मुली गोऱ्या मुलींच्या खांद्यावरून उतरलेल्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. गिऱ्हाइकाने कुणाला हाक मारली तर पुढच्या मुलीने यायचं, मागच्या मुलीने मान वर करायची नाही, असा रिवाज मी घालून दिला होता. कारण विचारलं तर मी सांगायचो, शिस्त.

या सगळ्यात ती आली. पालीच्या आतल्या एका गावातली, सकाळच्या एसटीने यायची. बी. कॉम. झालेली, बोलायला मोकळी, आणि रंगाने माझ्यासारखीच. मी तिला लिंबू साडी दिली. तिने ती झटक्यात खांद्यावर घेतली, आरशात एकदा बघितलं आणि मला विचारलं, "काका, ही कुणाला दाखवायची?"

"म्हणजे?"

"म्हणजे जिला दाखवायची ती कशी हाय? माझ्यासारखी असेल तर मी तिला ही दाखवणारच नाय. मी मोहरीचा पिवळा काढीन."

चौदा वर्षांत त्या साडीवर उलट प्रश्न विचारणारी ती एकटीच. माझ्या जागी धंद्याची अक्कल असलेला कुणीही माणूस असता तर त्याने तिला तिथल्या तिथे पुढे उभं केलं असतं. मी अर्जाच्या कोपऱ्यात 'घ' लिहिलं.

ती दीड वर्ष घडीवर होती. घड्या सुरेख घालायची, पण तिचं लक्ष घडीत नसे. परत आलेल्या साड्या त्याच टेबलावर यायच्या, आणि तिने त्यांचा अभ्यासच मांडला. एक दिवस माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, या आठवड्यात परत आलेल्या साड्या बघितल्यात? पिस्ता, बदामी, मोतिया, अबोली. डाळिंबी एक नाय. जांभळी एक नाय. बायांना जी शोभते ती आपण दाखवतच नाय."

मी म्हणालो, "तू घड्या घाल."

"घालते. पण मला बोलता येतं हो काका. तिथं बसून माझं तोंड आंबेल."

पुढे उभी असलेली घाऱ्या डोळ्यांची मुलगी हे ऐकून खुदकन हसली. ती मुलगी स्वभावाने चांगली होती, फक्त तिला गिऱ्हाइकाशी बोलता येत नसे. दहा साड्यांना ती "छान आहे" म्हणायची, अकरावीला "खूप छान आहे". मागची मुलगी पुढच्या मुलीला हळूच सांगायची, "निळी काढ, निळी," आणि मी खाकरलो की गप्प व्हायची.

ती काय मागत होती ते तिने कधी लपवलं नाही. तिला पुढे उभं राहायचं होतं. रोज सकाळी मजला झाडून झाला की गिऱ्हाईक यायच्या आधी ती पाच मिनिटं पुढच्या गादीपाशी उभी राहून रिकाम्या गादीला साडी दाखवायची. सगळे हसायचे. तीही हसायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

मग तुळशीची लग्नं झाली आणि बस्त्याचे दिवस आले. लग्नाचे सगळे कपडे दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून एकाच दिवशी घ्यायचे, त्याला आपण बस्ता म्हणतो. दुकानदाराचा तो सण, आणि नवऱ्या मुलीची परीक्षा. हेदवीच्या बाजूचा एक बस्ता आला. दोन गाड्या भरून माणसं. नवरी मुलगी मधोमध बसलेली, काळी, नाकीडोळी नीटस, आणि गप्प. बोलत होती ती नवऱ्याची मावशी. घाऱ्या डोळ्यांच्या मुलीने एक गुलाबी साडी खांद्यावर टाकली की मावशी म्हणे, "काय दिसते बघा!" दुसरी टाकली की, "ही तर त्याहून छान!" नवरीकडे कुणी बघतच नव्हतं. एक तास झाला, आठ साड्या बाजूला निघाल्या. आठही फिकट.

तेवढ्यात नवरी बोलली. हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. मागच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या ताईंच्या खांद्यावर टाका ना."

मावशी म्हणाली, "अगो बाय, तिच्यावर काय कळणार? काळी हाय ती."

नवरी म्हणाली, "मग मी कोण हाय?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मावशी आपल्या हातातल्या बांगड्या बघायला लागली. सगळे माझ्याकडे वळले, कारण मजला माझा. शेठ जेवायला घरी गेले होते. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी मागे बघून मानेने खूण केली. ती अशी उठली की टेबलावरच्या चार घड्या खाली पडल्या.

तिने त्या आठही साड्या एका हाताने बाजूला सारल्या. मग कपाटापाशी गेली, आणि बघत बघत नव्हे, सरळ हात घालून आमसुली रंगाची, मोहरी काठाची साडी काढली. ती कुठे आहे हे तिला दीड वर्ष ठाऊक होतं, घडी तिनेच घातलेली. ती नवरीला म्हणाली, "ताई, उठा. निम्मी तुमच्या खांद्यावर, निम्मी माझ्या. आरशात दोघी बघू." दोघी एकाच साडीत आरशासमोर उभ्या राहिल्या. मावशीसुद्धा बघत राहिली. मग जांभळी निघाली, मोरपंखी निघाली, डाळिंबी निघाली. मावशी शेवटी म्हणाली, "माझ्यासाठी पण एक काढ गो. माझा रंग तरी कुठं मोठा उजळ हाय!" आणि गादीवरच्या सगळ्या बायका मोकळ्या हसल्या. दुपार कलेपर्यंत बस्ता बांधून झाला. त्यातली एकही साडी परत आली नाही. मी आठ दिवस जिन्याकडे डोळे लावून होतो. एखादी परत यावी असं मला वाटत होतं, हेही लिहून टाकतो.

नवव्या दिवशी तिने मला गाठलं. "काका, एक पण परत नाय आली."

"हं."

"मग मला पुढे घ्या ना. तुम्ही शेठना सांगा. तुमचा शब्द ते मोडत नाय."

"बघतो."

"बघतो नको हो काका. दीड वर्ष बघताय."

मी शेठकडे गेलो. खरोखर गेलो, इतपत तरी मी नीट वागलो. सगळं सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग यात विचारायचं काय, भाऊ? घ्या तिला पुढे. परत न येणारी साडी मला कुणीही विकली तरी चालेल." शेठ काही समाजसुधारक नव्हते. त्यांना जिन्यावरची रांग नको होती, बस. पण त्यांनी हो म्हटलं. अवघ्या अर्ध्या मिनिटात हो म्हटलं.

त्यांच्या खोलीतून माझ्या मजल्यापर्यंत जिन्याच्या अठरा पायऱ्या. त्या चढून वर येईपर्यंत मी ठरवलं होतं. ती वाट बघत उभी होती. मी म्हणालो, "शेठ नाही म्हणतात गं. मी खूप सांगितलं. पण त्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला पुढे गोरी मुलगी लागते. माझा इलाज नाही."

ती म्हणाली, "मी जाऊन विचारू त्यांना?"

"नको. चिडतील. आहे तेही जाईल."

ती टेबलाशी जाऊन बसली आणि साडीची घडी घालायला लागली. आठवड्याने शेठनी मला विचारलं, "काय, घेतलीत का त्या मुलीला पुढे?" मी म्हणालो, "लाजते हो ती. नकोच म्हणते. खेड्यातली मुलगी." शेठ म्हणाले, "बरं," आणि फोन घेतला.

का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. सोयीची उत्तरं पुष्कळ होती. गिऱ्हाईक, शिस्त, बाकीच्या मुली रुसतील. खरं उत्तर असं की ती पुढे उभी राहिली असती, तर मी आजवर मागे बसवलेल्या सगळ्यांचा हिशेब लागला असता. त्यातल्या दोघीतिघी तेव्हाही त्याच टेबलाशी होत्या. त्यांनी मान वर करून मला विचारलं असतं, मग आम्ही का नाही? माझ्याजवळ उत्तर म्हणून फक्त एक लिंबू रंगाची साडी होती. आणखी एक गोष्ट आहे, ती याहून लाजिरवाणी. थोरल्या शेठनी मला 'काळा आहे, पण' म्हणून घेतलं होतं. त्या 'पण'वर मी जन्मभर राहिलो. ती सूट एकट्या मला मिळालेली होती. ती आणखी कुणाला मिळाली असती तर माझ्याकडे काय उरलं असतं? मी स्वतःला सगळ्या काळ्या माणसांतला एक शहाणा समजत होतो, आणि ते पद सोडायला तयार नव्हतो. शेठनी अर्ध्या मिनिटात जे केलं ते करायला मला माझीच कातडी आडवी आली.

ती दोन महिन्यांत नोकरी सोडून गेली. जाताना पेढे देऊन गेली. आंब्याचा रस डब्यात भरणाऱ्या एका कारखान्यात लागल्याचं कळलं. तिथे डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे, वर पांढरा अंगरखा. सगळ्या बायका सारख्याच दिसतात. तिच्यासारख्या बोलघेवड्या मुलीला मी तोंड बांधून काम करायच्या जागी पोचवलं, ही माझी कामगिरी.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. शेठनी दुकानात समारंभ केला, नारळ दिला, शाल पांघरली. भाषणात म्हणाले, "भाऊंची नजर म्हणजे नजर! एकदा बघितलं की माणूस पारखला." शाल फिकट मोतिया रंगाची होती. ती माझ्यावर उठली की नाही हे कुणी बघितलं नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या टेबलाच्या मुलींनीही वाजवल्या, घडी अर्धवट टाकून.

मग पेन्शनच्या कागदांना फोटो लागले म्हणून मी बाजारात एका फोटोवाल्याकडे गेलो. स्टुलावर बसलो. त्याने फोटो काढून संगणकावर घेतला आणि सवयीने विचारलं, "काका, जरा उजळ करतो हां. सगळ्यांचाच करतो." मी म्हणालो, "कर." पडद्यावर माझा चेहरा हळूहळू पिठात लोळून आल्यासारखा होत गेला. मी बघत होतो आणि मला तो बरा वाटत होता, हे पण लिहितो.

"काका?"

मागे ती उभी होती. चार वर्षांनी. गळ्यात मंगळसूत्र, हातात फॉर्मची पिशवी. एका शाळेत कारकुनाची जागा निघाली होती, तिथे अर्ज करायला फोटो हवे होते. मला बघून इतकी आनंदली की मी उठून उभा राहिलो.

"कशी आहेस?"

"मजेत. लग्न झालं. तुम्हाला आमंत्रण द्यायचं होतं हो काका, पण दुकानात पाऊल टाकायचं मनात नव्हतं. बस्ता पण आम्ही चिपळूणला बांधला. आई म्हणत होती, रत्नागिरीतच बांधू, ओळखीचं दुकान हाय. मी म्हटलं, त्या शेठच्या गादीवर मी बसणार नाय."

मी म्हणालो, "हं."

"पण तुमचं नाव घरात निघतं हां. मी सांगते सगळ्यांना, तिथं एक काका होते, त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला. शेठनी नाय ऐकलं ती गोष्ट वेगळी. निदान कुणीतरी बोललं. मला तेवढं पुरलं."

मी म्हणालो, "अगं, माझं कसलं काय."

आधीचं खोटं मी चार वर्षांपूर्वी घाबरून बोललो होतो. हे चार शब्द मात्र न घाबरता, उलट जरा लाजून, थोरपणाने बोललो. आपण केलेला उपकार मोठ्या मनाने लहान करून सांगतात, त्या सुरात. कुणी माझा तो चेहरा काढला असता तर उजळ करायची गरज पडली नसती.

ती स्टुलावर बसली. फोटोवाला तिलाही म्हणाला, "ताई, जरा उजळ..."

"नको."

"अहो, फॉर्मवर बरा दिसतो. एक्स्ट्रा काय घेत नाय."

"हाय तशी काढ. तिथं कामाला मी जाणार हाय, दुसरी कोण नाय जाणार."

फोटोवाला हसला आणि तिचा फोटो होता तसा छापला. माझे आठ फोटो मी खिशात घातले. ते पुढे पेन्शनच्या कचेरीत एका खिडकीवरून परत आले. तिथल्या बाईंनी फोटो बघितला, मला बघितलं आणि म्हणाल्या, "आजोबा, स्वतःचे आणा."

निघताना तिने माझा नंबर घेतला, आपला दिला. "जागा मिळाली की पेढे घेऊन येते काका, घरी." दुकानाबाहेर जाऊन परत वळली आणि म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून हां." रिक्षा केली आणि गेली.

तीन महिने झाले. तिची जागा झाली की नाही मला माहीत नाही. नंबर फोनमध्ये आहे. दोनदा काढून बघितला. मागच्या टेबलाशी मी बसवलेल्या आणखीही मुली आहेत. त्यातल्या काहींचे चेहरे मला आठवतात, काहींचे नाही, आणि त्यांच्यापुढे जाऊन काय बोलायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हिच्या बाबतीत काय बोलायचं ते ठरलेलं आहे. तेवढं वाक्य बोललो की ती माझं नाव घरात काढायची थांबेल, आणि म्हणूनच ते मी बोलत नाही. पण तेवढं एक खरं वाक्य मी तिला देणं लागतो. शेठ हो म्हणाले होते, नाही मी म्हटलं, हे मला तिच्यासमोर बसून सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.